ओळंब्याच्या दोरीतली लिंबं

"मिस्त्री, ही माळ काढा," एर्लिंदा म्हणाली. "डॉक्टरणी आठ वाजता येतायत."

"येऊ देत की. माळ काय चावते त्यांना?"

रांगेत मागे हसू पिकलं. रांग चर्चच्या अंगणातून निघून उतारावरच्या टायरच्या पायऱ्यांपर्यंत गेली होती, आणि प्रत्येकाजवळ एक कुत्रं होतं. कुणी दोरीनं धरलेलं, कुणी पोत्यात घातलेलं. एका बाईनं मांजर उशीच्या अभ्र्यात आणलं होतं आणि तो अभ्रा सारखा गुरगुरत होता. एवारिस्तो मिस्त्रीनं मात्र आपली नुबे विटांच्या हातगाडीत घोंगडी अंथरून आणली होती. पायी आणली असती तर वाटेतूनच मागं फिरली असती, आणि तिच्यामागं मीही, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता.

नुबे म्हणजे ढग. पांढरी, एका कानावर करडा डाग, पाच वेतं झालेली. तिच्या गळ्यात सात हिरव्या लिंबांची माळ होती. नाकाडोळ्यांतून पाणी गाळून कुत्री मारणारा रोग या लोमा सेका टेकडीवर दरवर्षी येतो, आणि इथं त्यावर औषध एकच: लिंबांची माळ. लिंबं वाळली म्हणजे रोग त्यांनी ओढून घेतला. हिरवीच राहिली तर रोग आलाच नव्हता. म्हणजे दोन्हीकडून माळच जिंकते.

"लस टोचणारच आहेत आज," एर्लिंदा म्हणाली. "मग लिंबं कशाला?"

"लस त्यांची, लिंबं माझी. दोन्ही असू देत. ताजी ओवलीयत." मिस्त्रीनं माळेवरून बोट फिरवलं. "आणि दोरी ओळंब्याची आहे, दोन्या एर्लिंदा. तुटायची नाही."

दोन्या म्हणजे बाई; मिस्त्री तिला मानानं तसंच म्हणायचा. एर्लिंदानं हार मानली. पिल्लं बंद करायच्या ऑपरेशनसाठी या माणसाला इथवर आणायला तिला आठ महिने लागले होते. "पोरगी आहे ती माझी, तिला कापायला देऊ?" असं म्हणून त्यानं दोनदा दार लावून घेतलं होतं. शेवटी पाचव्या वेताची सगळी पिल्लं एका आठवड्यात गेली आणि सहावं पिल्लू पुरून आल्यावर तो स्वतःच तिच्या दारात येऊन उभा राहिला. असा माणूस लिंबांपायी परत जायला नको. तिनं कागदी चिकटपट्टीवर ३४ आकडा लिहिला. ज्याच्या गळ्यात पट्टा असेल त्याच्या पट्ट्यावर, नसेल त्याच्या दोरीवर ती आकडा चिकटवायची. केसांवर पट्टी टिकत नाही. नुबेला पट्टाही नव्हता आणि दोरीही लागत नव्हती. तिनं ३४ नंबर लिंबांच्या माळेच्या दोरीला गुंडाळला.

"चार वाजता या," ती म्हणाली.

"समोरच्या टेकडीवर एक छप्पर गळतंय, तेवढं आटपून येतो." मिस्त्री खाली वाकला, नुबेच्या कानात काहीतरी बोलला आणि मागं न बघता हातगाडी घेऊन निघून गेला.

पुढच्या पाच मिनिटांत जे झालं ते एर्लिंदाला नंतर कितीतरी दिवस डोळ्यांसमोर दिसत राहिलं.

डॉक्टरणींची गाडी वेळेआधी आली. डॉक्टर मॉरीन उंच, पिकल्या केसांची बाई. बोलायची कमी आणि काम बैलासारखं करायची. ती टेबलाकडे येताना दिसली आणि एर्लिंदाचे कान तापले. मागच्या वर्षी मॉरीनबाईंबरोबर आलेल्या एका तरुण डॉक्टरनं अशीच एक माळ हातात धरून फोटो काढला होता आणि सगळी मंडळी पोट धरून हसली होती. एर्लिंदाला त्यातला एकच शब्द कळला होता, ग्वाकामोले. कुत्र्याच्या गळ्यात चटणीचं सामान, असा काहीतरी विनोद असावा. मॉरीन हसली नव्हती, पण तेव्हापासून एर्लिंदाच्या मनात एक काटा बसला होता. आपल्या लोकांना कुणी अडाणी म्हणू नये. निदान आपल्या टेबलापाशी तरी नको.

टेबलावर कात्री होतीच. तिनं नुबेची माळ कापली, टेबलाखालच्या कचऱ्याच्या बादलीत टाकली आणि वर कागद टाकून ती झाकली. दोरी खरंच चिवट होती, दोनदा कात्री चालवावी लागली.

"गुड मॉर्निंग, एर्लिंदा," डॉक्टर मॉरीन म्हणाली.

एर्लिंदानंही हसून गुड मॉर्निंग केलं आणि नुबेला दिवाणखान्याएवढ्या त्या चर्चच्या हॉलात आत सोडलं. ३४ नंबर माळेबरोबर बादलीत गेला, हे तिच्या गावीही नव्हतं.

*

एर्लिंदा चोपन्न वर्षांची. बावीस वर्षं तिनं एका कारखान्यात टीव्हीच्या रिमोटमध्ये बारीक स्क्रू बसवले. डोळे अधू झाले तेव्हा कारखान्यानं तिला केक देऊन घरी पाठवलं. नवरा त्याच्याही आधी उत्तरेला, सरहद्दीपलीकडे गेला होता; पहिली दोन वर्षं फोन करायचा, मग त्यानं नंबर बदलला. मूल नव्हतं. "माणसाचं लेकरू नाही म्हणून कुत्र्यांची मोजत बसते," असं टेकडीवरच्या बायका म्हणायच्या, आणि तिच्या तोंडावर म्हणायच्या. ती म्हणायची, "मग आणा की तुमची, त्यांनाही नंबर देते."

पहाटेच्या पाळीला जाताना घळीतून वाट काढावी लागायची, आणि त्या घळीत थंडीच्या दिवसांत मेलेली पिल्लं असायची. बावीस वर्षं ती त्यांच्यावरून पाय टाकून गेली. ज्या दिवशी नोकरी सुटली त्या दिवशी पहिल्यांदा थांबली. तिनं खड्डा खणला. मग एका चर्चच्या पाद्र्याकडून सरहद्दीपलीकडच्या डॉक्टरणींचा पत्ता काढला. गेली आठ वर्षं दर चार महिन्यांनी गाडी येत होती, आणि घळीत आता पिल्लू दिसत नव्हतं. तिनं आयुष्यात स्वतः ठरवून केलेलं हे एकच काम होतं.

त्या दिवशीही तिच्या डोक्यात काम होतं. दुपारी बाराला ती अंगणात चुलीवर पोसोले ढवळत होती. मक्याचे टपोरे दाणे, कोंबडी, लाल मिरची. दमलेल्या डॉक्टरणींना तिच्या हातचं हे सूप लागायचंच. एवढ्यात यादिरा हॉलाच्या दारात आली. यादिरा पलीकडे जन्मलेली, पण आईबाप इकडचे. डॉक्टरणी आणि टेकडी यांच्यामधला पूल तीच.

"मावशी, एक पांढरी कुत्री आहे, पट्टी नाही, काही नाही. कुणाची गं?"

एर्लिंदानं मान वर केली नाही. टायरच्या दुकानाबाहेर पडून असणारी पांढरी भटकी कुत्री पकडून आणायला तिनंच पोरांना सांगितलं होतं. "टायरवाल्याकडची असेल ती. कुणाची नाही. घेऊन जा."

"नक्की?"

"अगं, मीच बोलावलीय. जाऊ दे तिला, चार दिवस सुखात राहील."

ज्यांना कुणी नाही त्यांना पिवळी पट्टी, आणि पिवळ्या पट्टीची कुत्री गाडीतून पलीकडे. तिकडे त्यांना घरं मिळतात. रेबीजचा कागद असला की सरहद्दीच्या फाटकावर त्यांना कुणी अडवत नाही. तीन वाजता पाच पिंजरे गाडीत चढले. एर्लिंदानं हात हलवला.

चार वाजता मिस्त्री आला. घोंगडी झटकून आणली होती. केस पाण्यानं चापून बसवले होते.

"कशी आहे? रडली का?"

एर्लिंदानं यादी पाहिली. चौतिसापुढे घरी गेल्याची खूण नव्हती. ती हॉलात गेली. हॉल धुऊन झाला होता. फरशीवर पाणी होतं, आणि कोपऱ्यात टायरवाल्याची पांढरी कुत्री, जिला पोरांनी उशिरा आणलं म्हणून आज घेतलंच नव्हतं, दोरीला बांधलेली बसली होती.

ती बाहेर आली, टेबलाखाली वाकली, बादली उपसली. कापूस, कागद, आणि तळाशी सात लिंबं. दोरीवर तिच्याच अक्षरात ३४.

तिनं माळ गुपचूप पिशवीत सारली आणि उभी राहिली.

"डॉक्टरणींनी ठेवून घेतलीय," ती म्हणाली. "वय झालंय ना. तपासणी करतात म्हणाल्या. येईल दोनचार दिवसांत."

असं खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती, आणि ते किती सहज आलं याची तिला भीती वाटली. मिस्त्रीनं मात्र मान डोलावली.

"बरं झालं. शिकलेली माणसं आहेत, बघतील नीट." मग म्हणाला, "माळ कुठाय? दोरी लागायची मला."

"टाकली बहुतेक कुणीतरी."

"टाकली?" तो जरा थांबला. "हरकत नाही." आणि रिकामी हातगाडी उतारावरून खडखडत गेली.

*

यादिराचा फोन लागायला बुधवार उजाडला.

"अगं मावशी," सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "ती तर गेली एका घरात. एक बाई आणि तिची म्हातारी आई. म्हातारी तिला सोडतच नाही म्हणे. फोटो पाठवते."

फोटो आला. हिरवळ, खुर्चीत म्हातारी, आणि पायाशी नुबे. अंगात निळा स्वेटर. डोळे कॅमेऱ्याकडे नव्हतेच, बाजूला कुठंतरी होते.

"परत आणता येईल?"

"येईल. का नाही येणार? पण डॉक्टर मॉरीनना सांगावं लागेल, त्या बाईला सांगावं लागेल, संस्थेला लिहून द्यावं लागेल की मालक असलेलं कुत्रं नेलं म्हणून. मावशी, तुला माहितीये ते काय करतात. त्या दुसऱ्या टेकडीचं आठव."

एर्लिंदाला आठवायची गरज नव्हती. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या टेकडीवर कुणीतरी उठवलं की गोरे लोक कुत्री नेऊन साबण करतात. गाडीवर दगड पडले. त्यानंतर तिकडे गाडी गेली नाही, आणि तिथल्या घळीत काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथंही कुजबुज असतेच. लोमा सेकामध्ये एका म्हाताऱ्याची कुत्री खरोखरच पळवली म्हटल्यावर कुजबुज थांबेल थोडीच. एका कुत्रीसाठी आठ वर्षांचं काम पाण्यात जाणार होतं. आणि ते काम वाचवायचं तर गप्प बसायचं. मेली ऑपरेशनमध्ये, असं सांगायचं. म्हातारं माणूस रडेल आणि विसरेल. असं कितीतरी जण सांगतात.

तिनं तीन दिवस हा विचार केला. हे सांगायला हवं, कारण एर्लिंदा काही देवमाणूस नव्हती. शनिवारी तर तिनं वाक्यही तयार केलं होतं: हृदय कमजोर होतं तिचं, मिस्त्री.

रविवारी सकाळी ते वाक्य घेऊन ती त्याच्याकडे गेली.

मिस्त्रीचं घर म्हणजे पलीकडून आलेली, गॅरेजची तीन जुनी दारं उभी केलेली, आणि वर मात्र असं छप्पर की टेकडीवर दुसरं नाही. सव्वीस वर्षं त्यानं पलीकडे छपरं घातली होती. मग एका सकाळी कामावर जाताना गाडीचा मागचा दिवा बंद होता म्हणून पोलिसांनी थांबवलं, आणि तिसऱ्या दिवशी तो फाटकाच्या या बाजूला उभा होता, अंगावर कामाचे कपडे, खिशात ओळंबा. बायको नंतर तिकडेच वारली. मुलगी तिकडच्याच ओशनसाइडला असते. कागद तिच्याकडेही नाहीत, म्हणून इकडे आली तर परत जाता येणार नाही. चौदा वर्षं झाली.

तो स्वच्छ शर्ट घालून बसला होता आणि समोर रंगाच्या डब्यावर फोन टेकवून ठेवला होता.

"या या, दोन्या. अकरा वाजता पोरीचा फोन असतो. बसा, कॉफी आहे."

फोन वाजला. मुलगी घाईत दिसत होती, मागे भांडी वाजत होती. कसं आहे, बरं आहे, औषध घेता का, घेतो. मग तिनं फोन पोरीच्या हातात दिला. नात पाच वर्षांची. तिला आजोबांची भाषा येत नाही आणि आजोबांना तिची, कामापुरती सोडली तर, येत नाही. तिनं फोनमध्ये तोंड घालून एकच शब्द विचारला.

"नुबे?"

"नुबे डॉक्टर," मिस्त्री म्हणाला. "डॉक्टर. कमिंग."

पोरीनं वाट पाहिली. दर रविवारी नुबे फोन चाटायची, पोरगी तिकडून किंचाळायची, आणि तो अर्धा तास कसा जायचा ते दोघांना कळायचं नाही. आता दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मिस्त्रीनं हात हलवला. पोरीनं हलवला. मग तिकडे फोन खाली ठेवला गेला आणि पडद्यावर छत दिसायला लागलं.

एर्लिंदानं आणलेलं वाक्य तिच्या तोंडातच विरघळलं.

"मिस्त्री," ती म्हणाली, "मी खोटं बोलले तुमच्याशी."

आणि तिनं सगळं सांगितलं. कात्री सांगितली, बादली सांगितली, पोसोले ढवळताना न बघता दिलेलं उत्तर सांगितलं. पिशवीतून माळ काढून मध्ये ठेवली. लिंबं सुकून तपकिरी झाली होती, पण ३४ अजून चिकटून होता.

मिस्त्रीनं माळ उचलून दोरीची कापलेली टोकं पाहिली.

"माळ का कापली पण?" त्यानं विचारलं. "तेवढं कळलं नाही मला."

"डॉक्टरीण येत होती."

"मग?"

"लाज वाटली."

"माझ्या लिंबांची?"

एर्लिंदाला मान वर करता येईना. "आपल्या सगळ्यांचीच," ती म्हणाली.

"तुम्हाला लाज वाटली." मिस्त्री हे रागानं म्हणाला नाही, आणि म्हणूनच ते तिला सोसलं नाही. "त्यांना वाटली असती तर मी समजलो असतो, दोन्या. तिकडं सव्वीस वर्षं मी डबा झाकून जेवलो. पण इथं, आपल्या टेकडीवर, तुम्ही."

ती रडली. त्यानं रडू दिलं. कॉफी गार झाली. मग त्यानं फोटो मागितला आणि चष्मा लावून बघत बसला.

"स्वेटर का घातलाय? तिला उकडतं."

"थंडी असेल तिकडं."

"ओशनसाइडपासून किती लांब?"

"पंधरा मिनिटं, गाडीनं."

"पंधरा मिनिटं." तो हसला, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. "फाटकावर काय विचारलं तिला?"

"काही नाही. कागद बघितला, सोडलं."

"किती वेळ लागला?"

"यादिरा म्हणाली, मिनिटभर."

मिस्त्रीनं फोन पालथा ठेवला. अंगणाच्या कोपऱ्यात नुबेची पत्र्याची थाळी होती, त्यात सकाळचं ताजं पाणी होतं. तो तिकडे बघत होता.

"मी आणते तिला परत," एर्लिंदा म्हणाली. "मॉरीनबाईंना सांगते सगळं. माझी चूक, मी भरीन. गाडी बंद झाली तर झाली."

"कशी आणणार?"

"पिंजऱ्यात. गाडीतून. गेली तशी."

"म्हणजे सकाळी दारात माणसं येणार. ती म्हातारीजवळ झोपलेली असणार. तिला उचलणार, गाडीत कोंबणार, आणि तिला कळणार नाही आपण काय केलं." तो थांबला. "नको. मला माहितीये ते कसं असतं."

"पण तुम्ही एकटे."

"मला परत पाठवलं तेवढं पुरे झालं. मी कुणाला परत पाठवणार नाही. कुत्र्यालासुद्धा नाही."

एर्लिंदा पुन्हा बोलायला गेली, त्यानं हात वर करून थांबवलं. मालकानं कुत्रं देऊन टाकल्याचा एक कागद असतो. तो असला म्हणजे यादिराला वर काही सांगावं लागत नाही, चोरी होत नाही, गाडी येत राहते. एर्लिंदानं तो कागद मागितला नव्हता. मिस्त्रीनंच विचारलं, असं काही असेल ना? सही कुठं करायची?

कागद तिच्या पिशवीत होता. नेहमीच असायचा. तिनं नाव लिहिलं, रंग लिहिला, कानाचा डाग लिहिला. मग एक रकाना आला.

"कारण विचारलंय. का देताय म्हणून."

मिस्त्रीनं विचार केला. "लिहा, तिकडं काम मिळालं."

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"लिहा की. सगळे तेच सांगून जातात."

तिनं लिहिलं. त्यानं आपलं पूर्ण नाव, आईबापांच्या दोन्ही आडनावांसकट, सावकाश काढलं. मग माळेतली सातही सुकी लिंबं ओढून काढली, चिकटपट्टी सोलली, दोरीच्या कापलेल्या टोकांची गाठ मारली आणि दोरी खिशात घातली.

*

पुढचे चार महिने टेकडीवर काही वेगळं घडलं नाही. मिस्त्रीनं यादिराकडून नुबेच्या नव्या घराचा पत्ता मिळवून मुलीला पाठवला. मुलगी एकदा त्या रस्त्यानं गाडी घेऊन गेली, हळू चालवत गेली, पण थांबली नाही. कागद नसलेली बाई अनोळखी दाराची घंटा वाजवत नाही. नातीला गाडीत काहीच सांगितलं नव्हतं. रविवारचा फोन आता तीन मिनिटांत आटपतो. टायरवाल्याची पांढरी कुत्री मिस्त्रीच्या दारात येऊन बसू लागली, पण त्यानं तिला आत घेतलं नाही. पाणी मात्र ठेवतो.

जुलैत गाडी आली तेव्हा मिस्त्री सकाळी सहालाच हातगाडी घेऊन चर्चच्या अंगणात हजर होता. ज्यांना चालवत नाही त्यांची कुत्री मी आणतो म्हणाला. त्याच्या खांद्यावर एक माळ होती. सात लिंबं, हिरवीगार, ओळंब्याच्या दोरीत ओवलेली, मध्ये गाठ.

"ही तेवढी तिला द्या," तो यादिराला म्हणाला. "तिकडंही असतो तो रोग."

यादिरानं एर्लिंदाकडे पाहिलं. "मिस्त्री, फळं नेता येत नाहीत. फाटकावर काढून घेतात, फेकून देतात."

"माहितीये मला. छपरावर बसून खायला मी संत्री नेली होती एकदा, आईनं दिलेली. सगळी फेकली." तो जरा ओशाळला. "तरी ओवली. हात थांबेना."

डॉक्टर मॉरीन गाडीतून सामान उतरवून टेबलापाशी आली आणि तिला माळ दिसली. तिनं काहीतरी विचारलं. यादिरा उत्तर द्यायला लागली, तशी एर्लिंदा उठली.

"तू थांब. मी सांगते, तू फक्त त्यांच्या भाषेत कर." ती डॉक्टरकडे वळली. "ही आमची लिंबांची माळ आहे. कुत्री आजारी पडू नयेत म्हणून घालतो. उपयोग होतो की नाही मला माहीत नाही. मार्चमध्ये तुम्ही येताना दिसलात म्हणून मी अशी एक कापली. नंबर तिच्यावर होता. पांढरी कुत्री भटकी नव्हती. या गृहस्थांची होती."

"मावशी," यादिरा हळूच म्हणाली, "कागद आहे आपल्याकडे. कशाला?"

"सगळं सांग."

यादिरानं सांगितलं. डॉक्टर मॉरीन ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. ती मिस्त्रीकडे वळली, तिच्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये तिनं कुत्रीचं नाव विचारलं.

"नुबे."

"नुबे," ती म्हणाली. तिकडे त्या कुत्रीला डेझी म्हणतात, हे तिला ठाऊक असणार. ती ते बोलली नाही. थोड्या वेळानं यादिराला काहीतरी म्हणाली.

"डॉक्टर म्हणतात, त्या जाऊन बोलतील त्या घरी. तुम्हाला परत हवी असेल तर."

मिस्त्रीनं मान हलवली. खांद्यावरची माळ काढली, गाठ सोडली आणि लिंबं एकेक करून टेबलावर काढली. रिकामी दोरी त्यानं बोटांभोवती गुंडाळून तिची चुंबळ केली.

"दोरी जाईल ना?"

"दोरी जाईल," यादिरा म्हणाली.

"मग तेवढी बांधा तिच्या गळ्यात. वास ओळखेल."

डॉक्टर मॉरीननं दोरी घेतली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि हॉलात गेली. पुढच्या वेळी गाडी येईल की नाही, ते एर्लिंदानं विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही, आणि समोर रांग वाढत होती.

लिंबं टेबलावरून घरंगळायला लागली तशी मिस्त्रीनं ती ओंजळीत गोळा करून चुलीपाशी ठेवली. "पोसोल्यात पिळा दुपारी. वाया कशाला घालवायची?"

मग तो हातगाडीच्या दांड्या धरून टेबलाशेजारी उभा राहिला. एर्लिंदा नंबर लिहीत गेली. एकतीस, बत्तीस. तेहतीस नंबर एका म्हाताऱ्या बाईच्या लंगड्या कुत्र्याला गेला. त्यानंतर उशीच्या अभ्र्यात आणखी एक मांजर आलं, त्याच्यासाठी एर्लिंदानं पट्टी फाडली आणि वर ३५ लिहिलं.

मिस्त्री बघत होता.

"चौतीस राहिला, दोन्या."

"राहू दे," ती म्हणाली, आणि पट्टी अभ्र्याच्या गाठीला चिकटवली.